परातीतले पाय

पाणी कढत आहे हे नीळकंठला सासूच्या हातावरून कळलं. इंदुताईंनी त्याचे पाय धुवायला परातीत हात घातला आणि तसाच वर ओढला, ‘अगं माय’ म्हणत बोटं पदरात गुंडाळली, आणि त्या वेळी त्याचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत त्याच पाण्यात होते. केव्हाचेच होते. तो चौरंगावर बसून समोरच्या कॅलेंडरकडे बघत होता आणि तोंडावर कोणतं हसू ठेवावं याचा विचार करत होता. सगळं घर कपिलवर तुटून पडलं. कपिल म्हणजे मेहुणा. पतसंस्थेत नोकरी, कानाला सदा मोबाईल. मे महिन्यात यवतमाळात भर दुपारी नळाचं पाणी कोणी घेत नाही, हे इथलं शेंबडं पोरगंही जाणतं. स्लॅबवरून आलेल्या काळ्या पाइपात पाणी उन्हाने शिजत पडलेलं असतं, म्हणून लोक सकाळीच बादल्या भरून ठेवतात. ह्याने बोलता बोलता नळ सोडला, परात भरली आणि आणून जावयासमोर ठेवली. ‘बापू, काढा ना पाय,’ सासरे बबनराव खुर्चीतून म्हणाले. नीळकंठला हसू सापडलं. ‘एवढं काही नाही,’ तो म्हणाला, ‘मिलमधी उभं राहू राहू पाय निबर झाले माये.’ असं एकदा म्हटल्यावर पाय काढायचे कसे? त्याने ते तसेच ठेवले. कातडी घोट्यापासून खाली लाल होत चालली होती. दुसऱ्या कोणाचे पाय परातीत पडलेत आणि आपण नुसते पाहुणे म्हणून बघायला आलोत, असं त्याला वाटलं.

जावई म्हणजे विष्णू. असं शास्त्र आहे म्हणे. तीन वर्षांनी एकदा अधिक महिना येतो आणि बायकोच्या बापाच्या घरी, जावई दारुडा असो की बायकोला झोडपणारा असो, त्याला चौरंगावर बसवतात, पाय धुतात, ओवाळतात, आणि पुरणाचे धोंडे तुपात बुडवून त्याच्या तोंडात कोंबतात. त्याला विष्णू मानायचं आणि त्यानेही तेवढा वेळ गप बसून मानून घ्यायचं. मागच्या अधिकातही तो ह्याच चौरंगावर बसला होता. तेव्हाचं पाणी थंड होतं. ते त्याला पक्कं आठवत होतं, कारण थंड पाण्याने तळव्याला गुदगुल्या झाल्या होत्या आणि मागे उभी असलेली मंजुषा फिस्सकन हसली होती. त्या रात्री दिग्रसला परतल्यावर पोरगी झोपायची वाट बघताना दोघांना दम निघत नव्हता. शाल्मली तेव्हा पाच वर्षांची होती. ती रात्र शेवटची की शेवटून दुसरी, हे आता त्याला सांगता आलं नसतं. शेवटची गोष्ट शेवटची म्हणून सांगून येत नाही, ही त्यातली हलकट गंमत. ह्या वेळचं बोलावणं धोंड्याचं नव्हतंच. शाळेला सुट्ट्या लागल्या तशी मंजुषा पोरीला घेऊन माहेरी आली होती आणि आईला एवढंच म्हणाली होती की मी परत जाणार नाही. का, ते सांगत नव्हती. सासू-सासऱ्यांनी धोंड्याचा मुहूर्त साधला. जावई येईल, पोटभर जेवेल, नवी धोतरजोडी घेईल आणि जाताना बायकोला घेऊन जाईल. सगळं गोडाधोडाने मिटवायचं. ऑफिसवाल्यांचं खानदान. ह्यांच्या घरी भांडणालाही ताट-वाटी लागते. नीळकंठ तिला न्यायलाच आला होता. ती आली नाही तर दिग्रसमध्ये, मिलमध्ये, घरी आईसमोर काय सांगायचं, हे त्याने ठरवलं नव्हतं, कारण खरं कारण फक्त दोघांना ठाऊक होतं आणि त्या दोघांतला एक ते कबूल करायला तयार नव्हता.

की तिने सांगून टाकलं असेल? कपिल उगाच हसला का दारात? ‘या या भाऊजी, तब्येत काय म्हणते’ असं म्हणाला तो. तब्येत कायले विचारतो बे? दिग्रस बसस्टँडपासून इथपर्यंत नीळकंठ हेच चघळत आला होता. गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि कोणी बोलत नाही, किंवा कोणालाच काही माहीत नसतं आणि आपल्यालाच सगळे डोळे टोचतात. दोन्हींत फरक करता येत नाही. जिनिंग मिलमध्ये त्याचं काम हाताचं. गाडी आली की कापसात कोपरापर्यंत हात घालायचा आणि सांगायचं, ओल किती, धागा कसा, आतून पाणी मारलं की नाही. मशिनी आल्या तरी मालक आधी त्यालाच विचारत. लोक म्हणत, नीलूभाऊच्या हाताले डोळे आहेत. त्या हातांनी घरी काही होत नव्हतं. हात चालायचे, मन चालायचं, डोकं तर भट्टीसारखं पेटायचं, आणि खाली कोणी नव्हतंच. हाक मारली तरी ओ नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा मंजुषा म्हणाली, थकले असाल. नंतर तिने केसांना गजरा लावला, नंतर नवं पातळ घेतलं, नंतर भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली. तिच्या त्या पाठीचा त्याला इतका राग यायचा की एका रात्री तो दात खाऊन म्हणाला, ‘लाकूड आहे तू. लाकडावर कोणाचं मन होईन?’ ती उठून बसली नाही. अंधारात तिचा आवाज आला, ‘मले काहून दोष देता? मी तर हितंच आहो.’ एवढंच. तो उठून अंगणात जाऊन झोपला, आणि सकाळी आईने विचारलं तेव्हा म्हणाला की आत गरम होते. पुढे ते ‘लाकूड’ त्याला पुरलं. तोंडात बसलं. भाजीत मीठ कमी पडलं तरी लाकूड, पोरीला ताप आला तरी लाकूड. ती वाळत गेली. आरशासमोर फार वेळ उभी राहायची आणि तो बघतोय म्हटल्यावर बाजूला व्हायची.

इलाज त्याने केले नाहीत असं नाही. मिलमधला फुलसिंग एकदा पान लावता लावता म्हणाला, भाऊ, तोंडावरचं तेज गेलं तुमचं, वैनी माहेरी गेली का काय. वैनी घरीच होती. मग दुखणं कसलं, ते फुलसिंगला लगेच कळलं. त्याने आवाज उतरवला आणि पुसद रोडवरच्या तंबूचा पत्ता दिला. तंबूत बरण्या, मुळ्या, वाळवलेलं कायबाय, आणि एक भगवा फेटेवाला. त्याने नाडी धरली, डोळे मिटले आणि विचारलं, ‘लहानपणी हाताने चुका केल्या का?’ अख्ख्या जिल्ह्यातल्या पुरुषांना ह्या एका प्रश्नाने नागवलंय. केल्या नाहीत असा माणूस कुठून आणायचा? नीळकंठची मान खाली गेली, आणि तो फेटेवाला वर आला. मग महिनेच्या महिने नीळकंठ बारा-पंधराव्या वर्षीच्या त्या पोराला शिव्या देत राहिला, तुरीच्या वावरात बसलेल्या. तुझ्यामुळे झालं, भडव्या. त्या पोराने काही केलं नव्हतं. पण शिव्या द्यायला कोणीतरी लागतं आणि मंजुषा दिवसभर पुरत नव्हती. फेटेवाल्याने दिला मुसळीपाक. तुपात, खडीसाखरेत आणि मधात घोटलेला, सकाळ-संध्याकाळ मूठभर, वर केशरी दूध. तो पेढ्यासारखा लागायचा. इकडे आईला वाटलं पोरगा खंगत चालला, तिने डिंकाचे लाडू वळले, खारका तुपात भिजवल्या, गुळाचा शिरा सुरू केला. खा बाबा, मर्द माणसाच्या अंगात ताकद पाह्यजे. तो खात गेला. तो जितकं गोड खाई तितका जास्त वाळे, आणि जितका वाळे तितकं आई जास्त गोड घाली. रात्री तीनतीनदा लघवीला उठायचा. मंजुषा म्हणाली, बाथरूमच्या मोरीत मुंग्या होऊन राह्यल्या, शाल्मली बिस्किटं सांडते वाटते. आणि तिने पोरीला धपाटा घातला. तहान अशी की मिलमधला माठ एकटा रिकामा करायचा. रुई उडते, घसा सुकतो, तो म्हणायचा. एकदा तर एकाच पायात चप्पल घालून गेटातून आत आला. दुसरी कुठे निसटली पत्ता नाही. फुलसिंग खो खो हसला, म्हणाला, कोणच्या तंद्रीत आहे बे. तोही हसला.

शेवटी, ह्याच यवतमाळात, कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून दाढी वाढवून, तो एका डॉक्टरकडे गेला. पांढऱ्या मिशांचा, कोरडा माणूस. नीळकंठने घामाघूम होत कशीबशी अडचण सांगितली. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, सकाळी उठताना तरी येतं का? असा प्रश्न, बसभाडं विचारावं तसा. नाही, तो म्हणाला, आणि त्याला वाटलं इथेच ह्याच्या टेबलावर डोकं आपटावं. मग डॉक्टरांनी भलतंच सुरू केलं. तहान लागते का, रात्री उठता का, वजन उतरलं का, घरी कोणाला साखर. अरे मी काय विचारून राह्यलो आणि हा काय सांगून राह्यला. त्याला झोपवून डॉक्टरांनी एक दोन टोकांचा स्टीलचा काटा टेबलावर आपटला आणि त्याच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. ‘कंप जाणवतो?’ खोलीत त्या काट्याची बारीक गुणगुण ऐकू येत होती. कानाला येत होती. अंगठ्याला काही येत नव्हतं. ‘हो,’ तो म्हणाला. का म्हणाला? ‘नाही’ हा शब्द एका दिवसात किती वेळा म्हणायचा माणसाने. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. त्यांना पटलं नसावं. त्यांनी समजावलं, आणि शब्द साधे होते, म्हणून ते डोक्यात राहून गेले: त्या कामाला रक्त लागतं आणि निरोप लागतो, रक्त नळ्यांतून जातं, निरोप नसांतून, आणि साखर वाढली की ती दोन्ही कुरतडते. पुष्कळांना पायाच्या आधी तिथेच कळतं. हा मनाचा दोष नाही, बायकोचा नाही, लहानपणीचाही नाही. आधी रक्त तपासू, साखर ताब्यात आणू, मग लागली तर गोळी. ती गोळीही साखर उतरल्याशिवाय धड चालत नाही. आणि पुढच्या वेळी मंडळींना सोबत आणा. नीळकंठने सदरा घातला. साखर ही खुर्चीवाल्यांची बिमारी. त्याच्या सासऱ्याची. चाळीस वर्षं फायलींवर बसून, चहात चार चमचे टाकून, ढुंगण पसरवून मिळवलेली. त्याच्या घराण्यात आजपर्यंत कोणी साखरेने मेलं नव्हतं; विजेने मेले, सापाने मेले, पुरात मेले. दिवसभर उभं राहून पोती पारखणाऱ्या माणसाला हा डॉक्टर बबनरावांच्या रांगेत बसवतो? तपासणीची चिठ्ठी त्याने बाहेर पडताच चुरगाळली. मेडिकलमधून ती गोळी मात्र घेतली, कोणाला न विचारता. तोंड तापलं, डोकं फुटायला आलं, आणि खाली तेच. त्या रात्री त्याने ‘लाकूड’ हा शब्द पोरीसमोर उच्चारला. शाल्मलीने विचारलं, आई लाकूड कशी? दुसऱ्या दिवशी मंजुषाने बॅग भरली.

आणि आता ही परात. डॉक्टरचा काटा खोटं बोलून चुकवता आला. हे पाणी सगळ्यांसमोर होतं. सासूची बोटं पदरात होती, लाल. त्याचे पाय पाण्यात होते, त्याहून लाल, आणि त्यांच्याकडून निरोप येत नव्हता. निरोप. तो शब्द त्या मिशीवाल्याच्या आवाजात आला. त्याने डावा अंगठा हलवून बघितला. हलला, पण हललेला त्याला दिसला, कळला नाही. समोर बबनराव बसले होते, मांडीवर पंचा, डाव्या पायात मऊ कापडी बूट. त्या पायाची दोन बोटं गेल्या पावसाळ्याआधी कापली होती. बुटातला खडा म्हाताऱ्याला दोन दिवस कळला नव्हता, मग पाय काळा पडला. तेव्हा मंजुषाच इथे येऊन राहिली होती, रोज पट्टी बदलायला. नीळकंठ तेव्हा मिलमध्ये हसत म्हणाला होता, सासऱ्याचा पाय मुंग्यांनी खाल्ला. म्हातारा आता त्याच्या तोंडाकडे बघत नव्हता. पायांकडे बघत होता, आणि त्याची मान हळूहळू पुढे येत होती.

मंजुषा स्वयंपाकघरातून ताट घेऊन आली. अठ्ठावीस दिवसांत, की जास्त, ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती, आणि आताही ती बोलायला आली नव्हती. ताट ठेवून जाणार होती. ताटात चार धोंडे, वर तुपाची धार, बाजूला अनारसे. आईचा हात तिने बघितला, मग परात बघितली, मग ते पाय. ताट खाली ठेवलं. खांद्यावरचा टॉवेल घेऊन ती चौरंगासमोर बसली आणि त्याचे पाय उचलून मांडीवर घेतले, जावयाचे पाय पुसायचे असतात तसे. घरच्यांना बरं वाटलं असावं. इंदुताईंनी नवऱ्याकडे बघून डोळे मिचकावलेही. टॉवेल पायांवर पडला. टॉवेलाखाली तिचे हात होते. तिने मान वर केली. एवढ्या जवळून तिने त्याच्याकडे बघितल्याला युगं झाली होती, आणि त्या नजरेत माया नव्हती. कापसात हात घालताना त्याची नजर जशी होत असेल तशी ती होती.

‘कोणतं बोट धरलं मी?’ ती म्हणाली.

कपिल म्हणाला, हे काय नवीन, धोंड्यात असंही असते काय ताई. नीळकंठने टॉवेलकडे बघितलं. खाली काहीही असू शकत होतं. तो पायाकडे ध्यान लावून बसला, रात्री जसा लावायचा, दात आवळून, ये, ये, काहीतरी ये. घामाचा थेंब नाकावरून ओठावर आला; तो खारट लागला, ते कळलं. गप बसणं शक्य नव्हतं. खोटं बोलायचीही सोय नव्हती, कारण ह्या वेळी काटा तिच्या हातात होता.

‘अंगठा,’ तो म्हणाला.

मंजुषाने टॉवेल बाजूला केला. तिने उजव्या पायाची करंगळी धरली होती. धरली नव्हती, नख रुतवलं होतं, पार आत, आणि नखाच्या कडेने रक्ताचा टिपूस आला होता. इंदुताई पुढे आल्या, अगं पोरी हे काय करतेस, पाहुण्याचा पाय आहे, असं काहीतरी म्हणत. मंजुषाने नख काढलं. ती रडेल असं त्याला वाटलं. ती रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर एक एक गोष्ट चढत गेली आणि त्याला ती वाचता आली: मुंग्या, रात्रीचं उठणं, एकच चप्पल, डिंकाचे लाडू, भिंतीकडची पाठ, आरसा. आणि सगळ्यांच्या मागून ते लाकूड.

‘तीन वर्षं मी माया अंगात खोट शोधून राह्यली,’ ती हळूच म्हणाली. ‘तीन वर्षं.’

त्याला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. ते पहिलं. सगळ्यांसमोर, चौरंगावर बसवून, उघडं केलं रांडेनं. मग त्याच रागाच्या तळाशी त्याला दिसलं की तुरीच्या वावरातलं ते पोर उठून कपडे झटकत चाललंय, त्याला आता कोणी थांबवत नव्हतं. आणि राग तसाच उभा राहिला, कोणावर पडावं ते न कळून. इंदुताईंनी प्रसंग सावरायला धोंडा उचलला, तुपात पुन्हा बुडवला आणि त्याच्या तोंडाशी आणला. घ्या जावईबापू, पोरीच्या मस्करीवर जाऊ नका. पुरणाचा वास आला, वेलचीचा, गुळाचा. त्याचं तोंड सवयीने उघडलं. मंजुषाने आईच्या हातातून धोंडा काढून घेतला.

‘ह्यायले गोड नको वाढू.’

‘अगं, धोंड्याच्या महिन्यात जावयाचं ताट उपाशी उचलते काय कोणी? अपशकुन आहे.’

‘बाबाले तू खाऊ घालतेस काय?’

इंदुताईंनी नवऱ्याकडे बघितलं, जावयाकडे बघितलं, आणि खाली बसल्या. बबनराव काठी टेकत खुर्चीतून उठले. ह्या म्हाताऱ्याची नीळकंठने लग्न झाल्यापासून मनात टर उडवली होती. ते आले, चौरंगाच्या कडेला टेकले आणि त्याच्या कानाजवळ वाकले. तोंडाला औषधांचा वास होता. ‘किती दिवस झाले, बापू?’ त्यांनी विचारलं. ते पायांबद्दल विचारत नव्हते. नीळकंठला हे लख्ख कळलं, आणि म्हातारा का विचारू शकतो तेही कळलं, आणि इंदुताईंचं ते सदाचं गोडधोड, सणवार, ताट-वाट्या, सगळं एका बाजूने उघडं पडलं. त्याने मान खाली घातली. बबनरावांनी उत्तर मिळाल्यासारखी मान हलवली. ‘मी डॉक्टरकडे फार उशिरा गेलतो,’ ते म्हणाले, आणि कपिलला हाक मारून सांगितलं, माठातलं पाणी आण, माठातलं, नळाचं नाही.

जिल्ह्यातले सगळे पुरुष ह्या घडीला कुठे बसले असतील, कोणत्या चौरंगावर, कोणत्या तंबूत, कोणती बायको मागे उभी ठेवून. नीळकंठला त्या सगळ्यांचा संताप आला. कोणी एकाने तरी त्याला आधी सांगायचं होतं. फुलसिंगने, सासऱ्याने, मिलमधल्या त्या मिशांना पीळ देणाऱ्यांनी. सगळे साले मर्द. त्याने बायकोकडे बघितलं. ती टॉवेलची घडी घालत होती, रक्ताची बाजू आत ठेवून.

‘चाल मग,’ तो म्हणाला. दुसरं काही सुचलं नाही. ‘चारची गाडी आहे.’

‘दिग्रसले मी नाही येत.’ तिने घडी मांडीवर ठेवली. ‘दवाखान्यात येईन. आज. बाबाचा साखरेचा डॉक्टर पाच वाजता बसते. तिथं मी बाजूले बसीन, अन् तुमी सगळं सांगसान. माया समोर. लाकूड बी सांगा त्याले.’

‘अन् मंग?’

‘मंगचं मंग पाहू.’

कपिलने परात पालथी केली, नवं पाणी ओतलं. मंजुषाने त्याचे पाय उचलून त्यात ठेवले, कापसाचं गाठोडं ठेवावं तसे, आणि हात बाहेर काढला. कातडीवर बारीक फोड धरायला लागले होते. नीळकंठ वाकून बघत राहिला. पाणी हलत होतं, पाय दिसत होते, बाकी काही नव्हतं. बाहेर ऊन स्लॅबवर पडलं होतं आणि शाल्मली कुठेतरी आत टीव्ही बघत होती. विचारायचं नव्हतं त्याला. मरून गेला तरी विचारायचं नव्हतं.

‘थंड आहे काय हे?’

मंजुषाने पुन्हा दोन बोटं पाण्यात बुडवली.

‘आहे,’ ती म्हणाली, आणि बोटं त्याच्याच धोतराला पुसून ताट उचलून आत गेली.